भाजी कोणी खाईना

भाद्रपद लागला की मला आपोआप राग यायला लागतो. लोकांना या दिवसांत गौरी-गणपती आठवतात, डोंगरावर पसरलेली सोनकी आठवते, पोटरीला आलेल्या भाताचा वास आठवतो. मला पालक आठवतो. तळेगावच्या बाजारात ओल्या गोणपाटावर पालकाच्या जुड्या मांडलेल्या दिसल्या की पिशवीच्या बंदावरचा माझा हात घट्ट होतो. "घ्या मावशी, कवळा हाय," भाजीवाली म्हणते. तिचा बिचारीचा काही दोष नाही. पण मी तिच्याकडे अशी काही बघते, की ती जुडी मुकाट्याने खाली ठेवते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते.

या रागाला आता कितीतरी वर्षं झाली. साल सासष्ट की सदुसष्ट, नक्की आठवत नाही. आम्ही तळेगावात स्टेशनाजवळ दोन खोल्यांत राहत होतो. आमचे हे रेल्वेत, लोणावळ्याला, पाळीच्या कामावर. मी शिक्षिका, आणि माझी शाळा घोरावाडीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, ठाकरांच्या एका वाडीत. सकाळच्या शटलने एक स्टेशन जायचं, उतरायचं आणि मग भातखाचरांच्या बांधांवरून पाऊण तास चालायचं. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मंदा. मंदा माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची. घरी तिला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तिचं नाव माझ्याच शाळेत घातलं होतं. बांधावरून चालताना ती मधेच थांबायची. तिला दम लागायचा. सात वर्षांच्या मुलीला, सपाटीवर!

तळेगावच्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला उपाशी ठेवते की काय, अशा नजरेने. "अंगात रक्त नाही हिच्या," ते म्हणाले. "पालेभाजी पोटात गेली पाहिजे. औषधाच्या बाटल्या किती दिवस देणार? थंडीत मोठा ताप आला तर झेपायचा नाही या पोरीला." त्यांचं ते शेवटचं वाक्य त्या सबंध पावसाळ्यात मला रोज एकदा तरी ऐकू यायचं. भाकरी थापताना, फळ्यावर तारीख लिहिताना, कधीही.

आणि मंदा भाजी खायची नाही. नाही म्हणजे नाहीच. मेथी तिने पाटाखाली सरकवलेली मला केर काढताना सापडायची. चवळईचा घास गालात धरून ती पाढे म्हणायची, आणि बारा सक बहात्तर म्हणता म्हणता मोरीत जाऊन यायची. मी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, गोष्टी सांगून पाहिलं. एकदा हात उगारला, आणि मग रात्रभर स्वतःलाच बोल लावत बसले. यांचं तर वेगळंच. हे लोणावळ्याहून येताना चिक्कीचा पुडा आणायचे. "अहो, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का?" असं मी म्हटलं, की "शेंगदाणे आणि गूळच तर आहे, पौष्टिकच असतं ते," असं म्हणून पुडा तिच्या हातात द्यायचे. मग पुढचे दोन दिवस मंदाबाईंना भूक नाही. भाजी शिजवणारी मी, वाईटपणा घेणारी मी, आणि लाडके बाबा ते!

त्याच वर्षी परसबागेचं परिपत्रक आलं. प्रत्येक शाळेने अंगणात भाजीचे वाफे करावेत, मुलांच्या हातून बी लावावं, आलेली भाजी शाळेतच शिजवून त्यांना द्यावी. मुलाने स्वतः लावलेली भाजी मूल आवडीने खाते, असं त्यात लिहिलं होतं. लिहिणाऱ्याच्या घरी मूल होतं की नाही, कोण जाणे. पण मला ते वाक्य इतकं पटलं, की मी ते दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर शाळेतल्या पंचवीस मुलांपेक्षा मला त्यात एकच मूल दिसत होतं. मंदा स्वतःच्या हाताने लावील, स्वतः खुडील, मग खाईल. मला पक्की खात्री वाटायला लागली.

बरोबर पालकाच्या बियांच्या पुड्या आल्या होत्या, आणि जूनमध्येच पेरा असा हुकूम होता. पुण्याच्या कोरड्या कचेरीत बसून कोणी तरी हा जून ठरवला होता. मावळातला जून म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना कुठून माहीत असणार? आम्ही पेरलं, आणि आठव्या दिवशी वाफे, माती, बी, सगळं शाळेच्या दारातून ओढ्याला गेलं. मी पडवीत उभी राहून ते वाहून जाताना बघत होते. शेजारी ठमीचे आबा घोंगडीची खोळ घेऊन उभे होते. ठमी ही मंदाच्या शेजारी बसणारी मुलगी, आणि आबा म्हणजे तिचे आजोबा, वाडीतले सगळ्यांत वडील माणूस.

"बाई," आबा म्हणाले, "हितं पानी वरनं न्हाई पडत, आडवं येतं. वाफा उचला ईतभर. आन कडंनं दगुड लावा."

"हे आधी का नाही सांगितलं, आबा?"

"तुमी इचारलं न्हाई."

हे उत्तर त्या पावसाळ्यात मला पुढेही आठवायचं होतं. तेव्हा मात्र मी नुसता पदर खोचला आणि मुलांना दगड गोळा करायला पाठवलं. आषाढात दुसऱ्यांदा पेरलं. प्रत्येक मुलाची एकेक ओळ, ओळीच्या तोंडाशी नावाची काठी. मंदाची ओळ ठमीच्या ओळीला लागून. कोपरापर्यंत चिखलाने माखलेली मंदा मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. घरी चमचा उचलायचा तिला कंटाळा, आणि इथे डोक्याएवढे दगड छातीशी धरून आणत होती. कोंब दिसले त्या दिवशी ती मला हाताला धरून ओढत घेऊन गेली. मी मनात म्हटलं, आता जिंकलं.

श्रावणात तण माजलं. मी मुलांना खुरपणीला बसवलं आणि पालक कुठला, तण कुठलं, हे नीट दाखवून दिलं. अर्ध्या तासाने बघते तो ठमीने उपटलेलं सगळं तण झाडून, निवडून परकराच्या ओच्यात भरलेलं.

"टाक ते बाहेर," मी म्हटलं.

"टाकू कशापायी? कुरडू हाय ह्यो. आज आयेला दीन भाजीला." मग वाफ्याकडे बघून ती जरा हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी भाजी उपटायला लावता आन गवत राखता."

सगळी पोरं हसली. मंदाही हसली. मला आता कबूल करायला हरकत नाही, पण कुरडू खातात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. टाकळा, कुरडू, भारंगी, चाईचा मोहोर, ही पोरं पावसाळाभर काय काय खात होती, आणि मी त्यांना फळ्यावर पालेभाजीचं महत्त्व शिकवत होते! पण तेव्हा हे कळून मी शहाणी झाले असं मुळीच नाही. मी चिडले. तुमचा कुरडू तुम्हाला लखलाभ, म्हटलं, मला माझा पालक मंदाच्या पोटात घालायचा आहे.

भाद्रपदात पालक आला. आला म्हणजे काय, असा आला की तळहाताएवढी पानं, काळीभोर हिरवी, देठ रसरशीत. मुलं त्याला जीव लावून होती. शेळ्या हाकलायची पाळी लावलेली, कोंबड्यांवर पहारा. कोणी एक पान तोडलेलं खपवून घ्यायची नाहीत. मी शाळेच्या मागे तीन दगडांची चूल मांडली, घरून पातेलं आणलं, पहिली खुडणी केली, डाळ घालून भाजी केली. मुलांनी घरून भाकऱ्या आणल्या होत्या. मी प्रत्येकाच्या भाकरीवर पळीभर भाजी वाढली.

"पालकात काय असतं?" मी विचारलं.

"लोह!" वर्ग एका सुरात ओरडला.

"लोहाने काय होतं?"

"रक्त वाढतं!"

"मग करा सुरुवात."

कोणी हात लावला नाही. पंचवीस मुलं खाली माना घालून बसली. भाजी न लागलेल्या कडेची भाकरी तेवढी हळूच मोडून खाल्ली. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, लाजत असतील. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मी गूळ घातला, तरी तेच. मंदा तर सगळ्यांत शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसलेली, आणि तिच्या तोंडावर एक असं समाधान, की मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. घरी न खाणारी ती एकटीच होती, इथे तिला चोवीस जणांची सोबत मिळाली होती.

तो पंधरवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. पालक वाढतच होता. पाऊस थांबेना, पालक थांबेना, आणि खाणारं कोणी नाही. पानं रुंद झाली, जून झाली, मी खुडत होते, शिजवत होते आणि आबांच्या म्हशीच्या पुढ्यात नेऊन ओतत होते. म्हैस मात्र दोन पातेल्यांनंतर तुकतुकीत दिसायला लागली, असं मला उगीच वाटायचं. तिचाही राग यायचा. एवढ्याशा पोरांनी मला, शिकल्यासवरल्या बाईला, कुठे आणून ठेवलं होतं! अजूनही ते पातेलं माझ्याकडे आहे. त्याच्यात मी दुसरं काहीही करते, पालक करत नाही.

आणि मग एका सोमवारी, घोरावाडीहून येताना, मंदा बांधावर खाली बसली. थांबली नाही, बसलीच. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मी तिला पाठीवर घेतलं. छत्री मिटून काखेत मारली, आणि वरून पाऊस. पाठीवर तिचं काहीच वजन लागत नव्हतं. त्या दिवशी मला भीती वाटली, अगदी पोटातून भीती वाटली. शाळेत पोचले तोवर त्या भीतीचं रूपांतर रागात झालं होतं. मला भीती फार वेळ ठेवता येत नाही, तिचा रागच होतो.

मी मंदाला पडवीत घोंगडीवर निजवलं, वर्गात गेले, आणि हाजरीसुद्धा न घेता ओरडायला लागले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुम्हाला पेरायला पाहिजे, पहारे द्यायला पाहिजेत, नुसतं खायला नको. माझ्या हातात काय विष आहे का? काय वाईट आहे त्या भाजीत, एकाने तरी सांगा! मग ठमी उभी राहिली. परकराचा कोपरा पिळत म्हणाली, "भाजीत वाईट कायबी न्हाई, बाई. पर तुमी अजून दिलीच न्हाई."

"मी दिली नाही? तीन वेळा वाढली मी तुम्हाला!"

"आमास्नी न्हाई. वाघजाईला."

मला काही कळेना. मग तीन-चार मुलं एकदम बोलायला लागली, इतके दिवस तोंडात धरलेलं सगळं बाहेर आलं. नवं काहीही आलं, भाजी असो की भात, ते आधी शिवेवरच्या वाघजाईला द्यायचं. तोवर तोंडात घालायचं नाही. वाडीत कोणीच घालत नाही. कुरडू-टाकळा आषाढातच देऊन झाला होता. शाळेचा पालक तेवढा राहिला होता, कारण ज्याचं बी त्याने द्यायचा, आणि बी बाईंनी आणलेलं.

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"तुमी मोठ्या. तुमास्नी आमी कसं सांगायचं?" ठमी म्हणाली.

दारातून आवाज आला, "मला माहीत होतं." मंदा घोंगडी गुंडाळून उंबऱ्यात उभी होती. "ठमीने केव्हाच सांगितलं होतं मला."

तिला माहीत होतं! पंधरा दिवस मी ओल्या लाकडांच्या धुराने डोळे लाल करून घेतले, म्हशीला पातेली ओतली, आणि ही कार्टी सगळं जाणून हाताची घडी घालून बसली होती. बोलली असती तर भाजी खावी लागली असती ना! मी तिच्याकडे बघितलं. शेवटी "खाली बस, पडशील," एवढंच म्हणाले.

मधल्या सुट्टीत आबांकडे गेले. ते पडवीत दोर वळत होते.

"आबा, हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे."

आबा गालात हसले. "आमाला वाटलं, बाई शिकलेल्या. त्यांचं काय येगळं आसंल. कवा द्यायचं ते त्यांचं त्यास्नी म्हाईत."

"उद्या देते. काय करायचं ते सांगा."

"काय न्हाई. भाजी शिजवा, पळसाच्या पानावर वाढा. मी हाये. वाघजाईचं झालं, की ज्याचं बी त्याच्या घरचं प्वार आदी खाईल. मंग वाडीची."

बी आणणाऱ्याच्या घरचं मूल म्हणजे मंदा. सगळ्या वाडीदेखत, देवीच्या पुढ्यात, तिने गालात घास धरला तर? थुंकली तर? वाडीची मुलं परत त्या भाजीला शिवणार नाहीत, आणि मंदाचं तर संपलंच. जे मी शेजारणीलाही कधी सांगितलं नव्हतं, ते आबांना सांगितलं. "आबा, माझी मुलगी भाजी खात नाही. काही केल्या खात नाही. डॉक्टर म्हणतात, अशीच राहिली तर थंडीत काही खरं नाही."

आबांनी दोर बाजूला ठेवला. "वाघजाई खाईल ते तिला बघू द्या," ते म्हणाले. "मंग बघू."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. शिवेवर एक जुनं आंब्याचं झाड, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड, समोर मातीचे दोन वाघ. पाऊस उघडला होता. मी तिथेच चूल मांडली, जिऱ्या-मिरचीची फोडणी दिली, पालक चिरून टाकला. नैवेद्य म्हणून मी चव पाहिली नाही. हे मला कोणी सांगायला लागलं नाही, आमच्या घरी गणपतीच्या नैवेद्याला तरी कोण आधी जीभ लावतं? पंधरा दिवस त्या पोरांना मी हट्टी म्हणत होते, आणि माझ्या स्वयंपाकघरात हेच चाललेलं असतं. हे तेव्हा डोक्यात आलं आणि स्वतःचाच राग आला.

आबांनी पानावरची भाजी वाघजाईपुढे ठेवली, पाणी फिरवलं, नमस्कार केला. मग त्याच पानातला एक घास भाकरीच्या तुकड्यावर घेऊन ते मंदासमोर उकिडवे बसले. काही समजूत घातली नाही, बाळ-सोनी केलं नाही, रक्ताबद्दल बोलले नाहीत. हात पुढे केला, एवढंच. चोवीस मुलं बघत होती. ठमी तर हातात भाकरी धरून बघत होती, कारण मंदाने खाल्लं की पुढचा नंबर ठमीचा होता.

मंदाने तोंड उघडलं. घास आत गेला. तिने ओठ मिटले, आणि उजवा गाल फुगला. तो गाल मी चांगला ओळखते. आता ही पाणी प्यायचं निमित्त काढील, आंब्यामागे जाईल, मी मनात हिशेब करत होते. ती चावत होती. चावतच होती. मग गळा हलला, गाल बसला. तिने तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, अळणी झालीय."

मी पातेल्याकडे बघितलं. मिठाची पुडी बांधलेली तशीच चुलीशेजारी पडली होती.

"वाघजाई तर काय बोलली न्हाई," आबा म्हणाले, आणि पोरं खो खो हसत सुटली.

मंदा हसली नाही. तिने पुडी सोडली, चिमूटभर मीठ पानातल्या भाजीवर टाकलं, बोटाने कालवलं, चाखलं. आणखी थोडं टाकलं. पुन्हा चाखलं. ठमीने तिच्यापुढे स्वतःची भाकरी धरली, ती तिने मोडून घेतली. मला हे सगळं दिसत होतं आणि काहीही कळत नव्हतं. इतक्या दिवसांची सवय, दुसरं काय! डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी नेहमीच्याच आवाजात ओरडायला लागले, "अगं, खेळत काय बसलीस त्याच्याशी? खा आता! मुकाट्याने खा म्हणते ना!"

ठमीने माझा पदर ओढला.

"वरडता कशापायी, बाई?" ती म्हणाली. "खाती की ती."